तुमसरहून वाचताना

नागझिऱ्याचे जंगल मराठी घरांत पोहोचले ते प्रामुख्याने तीन लेखकांमुळे, आणि तिघेही बाहेरून आलेले. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या माडगूळचे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीने त्यांना या झाडीत आणले. किरण पुरंदरे पुण्याचे. चारशे दिवस नागझिऱ्यात राहून त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिले आणि पुढे जंगलाच्या कडेला पिटेझरी गावात राहायलाच आले. माडगूळकरांचे ‘नागझिरा’, चितमपल्लींची ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तके पुण्या-मुंबईच्या वाचकाने एका दूरच्या अरण्याची हकीकत म्हणून वाचली. शहराचा गोंगाट मागे टाकून कुणीतरी झाडांत गेला, त्याने पाहिले, ऐकले आणि लिहिले, असा तो अनुभव होता.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या वाचकाला ही पुस्तके अशी वाचता येत नाहीत. इथून सकाळी निघालेला माणूस नागझिरा पाहून संध्याकाळी घरी येतो. मोहफुले वेचणाऱ्या बाया आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे रानात शिरणारी कुटुंबे त्याच्या माहितीची असतात. जंगलातली शांतता त्याला नवी नसते आणि त्या शांततेत चाललेली मजुरीही. त्यामुळे पुस्तक उघडताच त्याचे मन दोन कामे एकदम करू लागते. एकीकडे तो लेखकाच्या नजरेने रान पाहतो. दुसरीकडे त्या नजरेतून काय सुटले याचा हिशेब ठेवतो. जुन्या आवृत्तीत नवेगावबांधच्या पुढे ‘भंडारा जिल्हा’ असे दिसले की तो क्षणभर थांबतो, कारण १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेले. पुस्तकात मात्र जिल्हा अखंड आहे.

चितमपल्ली वाचताना या वाचकाच्या मनात सर्वांत खोल रुजतात ते माधवराव पाटील डोंगरवार. नवेगावच्या लेखनात ते वारंवार भेटतात. तलावाकाठचा हा जाणता माणूस पाखरांची, माशांची, झाडाझुडपांची माहिती देतो, रानाच्या वाटा दाखवतो, पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या गोष्टी सांगतो. दूरच्या वाचकाला ते पुस्तकातले एक लोभस पात्र वाटतात. इथल्या वाचकाला ते ओळखीचे वाटतात, कारण तलावाचे पाणी, मासा आणि पाखरू यांविषयी असेच बोलणारे म्हातारे त्याने स्वतःच्या नात्यात पाहिलेले असतात. म्हणून त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो महत्त्वाचा आहे. इतके सारे ज्ञान या मातीतल्या माणसाकडे होते; मग ते कागदावर यायला वनाधिकारी लेखकाची वाट का पाहावी लागली? हा प्रश्न चितमपल्लींना उणेपणा आणत नाही. उलट त्यांनी ते ज्ञान ज्याचे होते त्याच्या नावासह नोंदवले, यातच त्यांचा मोठेपणा आहे. २००६मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या निधनानंतर खूप लिहिले गेले. त्यात अरण्यऋषी म्हणून त्यांचा गौरव जागोजागी होता; माधवराव पाटलांचे नाव त्या मानाने कमी दिसले. तुमसरसारख्या गावातल्या वाचकाने अशा वेळी आपला अभिप्राय लिहिला असता तर बहुधा त्याची सुरुवात याच नावाने झाली असती.

समीक्षेचे शिक्षण न घेतलेल्या, आवडेल ते आणि मिळेल ते वाचणाऱ्या माणसाच्या अभिप्रायाला काही किंमत आहे का, या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते. तो पुस्तकाला आपल्या गावाच्या मोजमापाने मोजतो. समीक्षक हे टाळतो. त्याला पुस्तक दुसऱ्या पुस्तकांशेजारी ठेवायचे असते. साध्या वाचकाला ते स्वतःच्या जगण्याशेजारी ठेवायचे असते.

आता हा वाचक कोण? तो कुणी एक माणूस नाही. राइस मिलमध्ये हिशेब लिहिणारा मुनीम, खाणीतून निवृत्त झालेला कामगार, पंचायत समितीतला कारकून, रोवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा पाहणारी शिक्षिका, असे अनेक जण त्यात मिसळलेले आहेत. तुमसर हे वैनगंगेच्या खोऱ्यातले धानाचे गाव. बाजार समितीत धानाच्या राशी आणि गावाभोवती राइस मिल ही त्याची ओळख. उत्तरेला डोंगर सुरू होतात आणि त्यांत मँगनीज आहे. चिखल्याची खाण भूमिगत, डोंगरी बुजुर्गची उघडी. तिथले मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जाते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे तुमसर रोड जंक्शन गावापासून थोडे दूर, देव्हाडीला आहे. तिथून तिरोडीकडे फुटणारी शाखा म्हणजे खनिजाची वाट. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश.

अशा गावात पुस्तके ठरवून येत नाहीत. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान आणि अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, त्यामुळे तालुक्या-तालुक्यांत वाचनालये तग धरून राहिली. तिथे जे परत आलेले असते ते घरी नेले जाते. उरलेली खरेदी नागपूरला, सुमारे ८० किलोमीटरवर. आणि दरवर्षी एक मोठी खरेदी दीक्षाभूमीवर होते. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ अशोक विजयादशमीला तिथे लाखो माणसे जमतात आणि पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात. भंडारा-गोंदियाकडची कुटुंबे रेल्वेने जातात आणि येताना पिशवीत पुस्तके असतात. हातावर पोट असलेली माणसे स्वतःच्या पैशाने वैचारिक ग्रंथ विकत घेतात असे दृश्य मराठी मुलखात दुसरीकडे क्वचितच दिसते. मराठी वाचन संपत चालले अशी चिंता करणाऱ्यांनी त्या दिवशी त्या स्टॉलांसमोर तासभर उभे राहावे.

नागपूर जवळ असण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे हिंदी. हा सारा प्रदेश १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आणि १९५०नंतर त्याच्याच जागी आलेल्या मध्य प्रदेशात होता. शेजारच्या बालाघाटची बाजारभाषा हिंदी आहे. त्यामुळे इथला वाचक मराठी आणि हिंदी पुस्तक एकाच उशीखाली ठेवतो. लोहमार्गाचा नकाशा पाहिला की एक हृद्य गोष्ट लक्षात येते. पश्चिमेला नागपुरात शरच्चंद्र मुक्तिबोध राहिले आणि मराठीत लिहीत राहिले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्यांना १९७९चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. पूर्वेला राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांचे थोरले भाऊ गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून शिकवत होते आणि हिंदी कवितेची दिशा बदलत होते. एका मराठी घरातले दोन भाऊ, दोन भाषा, एकच रेल्वे. तुमसर रोड या दोघांच्या मधले स्टेशन आहे. साहित्याच्या इतिहासात मराठी मुक्तिबोध आणि हिंदी मुक्तिबोध वेगवेगळ्या पुस्तकांत भेटतात. इथल्या वाचकाला ते एकाच वाटेवर भेटू शकतात.

त्याच राजनांदगावचे विनोद कुमार शुक्ल. ‘नौकर की कमीज’ ही १९७९ची कादंबरी एका कारकुनाची आहे. साहेबाच्या नोकरासाठी शिवलेला शर्ट त्याच्या अंगावर चढवला जातो, भाड्याचे घर पावसात गळते, बायको घरमालक डॉक्टरकडे कामाला जाऊ लागते. घटना एवढ्याच. तालुक्याच्या कचेरीत काम केलेल्या वाचकाला ती वाचताना पानोपानी थांबावे लागते, कारण अपमान इतक्या हळू आवाजात होऊ शकतो हे त्याला माहीत असते, फक्त कुणी लिहिलेले पाहिलेले नसते. या लेखकाच्या शैलीविषयी पुष्कळ अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे. पण ते गळणारे छप्पर खरे वाटते की नाही, हे ठरवायला चौमाशात रात्रभर घमेली सरकवलेला वाचक लागतो. २०२४चा ज्ञानपीठ पुरस्कार शुक्लांना जाहीर झाला तेव्हा इकडच्या वाचकाला आपल्याच लाइनवरच्या माणसाचा सन्मान झाल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

साध्या वाचकाच्या बाजूने मराठीत भक्कम परंपरा आहे. गोविंद तळवलकरांनी संपादकाच्या धबडग्यात वाचलेल्या ग्रंथांवर लिहिले आणि त्याचे ‘वाचता वाचता’ झाले. निरंजन घाटे यांनी ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ सांगितली. सतीश काळसेकर कवी होते, बँकेत नोकरी करत होते आणि वाचन हा त्यांचा श्वास होता. ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या त्यांच्या पुस्तकाला २०१३चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. कादंबरीला नाही, कवितेला नाही, वाचल्याच्या नोंदींना हा सन्मान मिळाला, ही मराठीतल्या प्रत्येक वाचकासाठी अभिमानाची गोष्ट आहे. काळसेकरांच्या नोंदीत पुस्तकाबरोबर ते कुठे सापडले, कुणी दिले, कुणाची आठवण झाली हे सारे येते. पुस्तकाभोवतीचे जग ते पुस्तकातून वगळत नाहीत. इंग्रजीत व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२५मध्ये आपल्या निबंधसंग्रहाला ‘द कॉमन रीडर’ हे नाव दिले. हा शब्द त्यांनी अठराव्या शतकातल्या सॅम्युअल जॉन्सन यांच्याकडून घेतला होता. जॉन्सन यांनी थॉमस ग्रे या कवीविषयी लिहिताना विद्वत्तेच्या पूर्वग्रहांपासून मुक्त असलेल्या सामान्य वाचकाच्या कौलावर अखेर विश्वास टाकला होता.

पण या परंपरेतले बहुतेक वाचक महानगरांतले. त्यांच्या हाताशी फुटपाथवरची जुनी पुस्तके, मोठी ग्रंथसंग्रहालये, पुस्तकवेडे मित्र होते. तालुक्याच्या गावी वाचन वेगळे घडते. निवडीला वाव कमी, म्हणून शेजारी शेजारी न शोभणारी पुस्तके एकापाठोपाठ हाती येतात. ‘ग्रामगीता’ घरातच असते. तुकडोजी महाराजांचा हा ग्रंथ विदर्भातल्या खेड्यांत पूजेच्या पुस्तकांबरोबर ठेवलेला दिसतो. त्यावर वाचनालयातून आणलेली माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ येते. १९५५मध्ये आलेली ही छोटी कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची. तरुण मास्तर येतो, शाळा चालू करतो, तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळ वाडीच रिकामी करतो. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या भागात हे वाचताना पावसाविषयीची समजूतच हलते. इथे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव, बोड्या आणि बांध्या हेच गावाचे दप्तर. पाणी अडवून धरण्यावर इथली संस्कृती उभी आहे. बनगरवाडीत अडवायला पाणीच नाही. मग वाचकाला माडगूळकरांचे ‘नागझिरा’ नव्याने कळते. पाण्याविना ओस पडलेली वाडी ज्याने लिहिली, तो माणूस या पाणथळ, दाट झाडीत आल्यावर झऱ्याकाठी इतका का रमला असेल, हे दोन्ही पुस्तके एकाच महिन्यात वाचणाऱ्यालाच उमजते. ग्रंथालयातला योगायोग कधी कधी अभ्यासक्रमाहून चांगला मास्तर ठरतो.

धरणांवरच्या दोन कादंबऱ्यांचेही असेच. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला ते २०२३मध्ये मिळाले. पहिलीत धरणग्रस्तांचे सारे रण आहे. कचेऱ्या, मोबदला, दलाल, मोर्चे, फसवणूक यांचा पट पाटलांनी प्रशासनात राहून पाहिला होता आणि तो त्याच ताकदीने उभा केला. दुसरीत देवाप्पा बुडालेल्या मुलखाकडे परत जातो, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणायला. माणूस आणि जनावर यांच्यातला जुना करार मोडल्यावर काय उरते, याचा शोध खोत घेतात.

तुमसरच्या वाचकासाठी विस्थापन ही बातमीतली गोष्ट नाही. तालुक्यात सितेकसाजवळ बावनथडीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे संयुक्त धरण झाले. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, पवनी तालुक्यात गोसेखुर्द. त्याची पायाभरणी १९८८मध्ये झाली आणि त्याचे पाणी भंडारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या अंगणात शिरले. पुनर्वसित वसाहतींत दिलेले सोयरे, बुडीत गावातून आलेली सून, जुन्या गावच्या देवाला पाण्याच्या काठावरून हात जोडणारी म्हातारी हे इथल्या नातेसंबंधांचे भाग आहेत. म्हणून ‘झाडाझडती’ वाचताना तो मान डोलावतो. हे असेच होते, हे त्याला ठाऊक असते. ‘रिंगाण’ वाचताना मात्र तो अस्वस्थ होतो, कारण मागे राहिलेल्या जनावरांचे काय झाले असेल हा विचार त्याने कधी केलेला नसतो. दोन्हींत श्रेष्ठ कोणती, हा वाद समीक्षेने घालावा. या वाचकाचा कल ‘रिंगाण’कडे जाईल असे वाटते. तिने त्याला त्याच्याच तालुक्याविषयी न सुचलेला प्रश्न विचारला.

आणि इतिहास? धनंजय कीर यांनी लिहिलेले डॉ. आंबेडकरांचे चरित्र इथल्या असंख्य घरांत आहे. मे १९५४मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता जिंकले. चरित्रात हा भाग लवकर आटोपतो, कारण चरित्रनायकापुढे अजून धम्मदीक्षा आहे, मोठे प्रसंग आहेत. दुसऱ्या जिल्ह्यातला वाचक सहज पान उलटतो. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाचे बोट तिथे अडते. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्या दारी मत मागायला आला होता आणि आपल्या जिल्ह्याने त्याला परत पाठवले, ही गोष्ट त्याला आजही बोचते. तो घरातल्या थोरांना विचारू लागतो: सभा कुठे झाल्या, कोण कोणाच्या बाजूने होते, मते कशी फुटली? मग वसंत मून यांची ‘वस्ती’ हाती आली की त्याला काही सुगावा लागतो. नागपूरच्या महारपुऱ्यातले बालपण आणि चळवळीतली माणसे मूनांनी त्यात उभी केली आहेत. हेच मून पुढे महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेचे संपादक झाले. मोठ्या चरित्रातली एका परिच्छेदाची जागा आणि वस्तीतल्या माणसांचे भरगच्च जग, या दोन पुस्तकांच्या मध्ये १९५४चा भंडारा कुठेतरी आहे. त्याची हकीकत त्या वेळी तरुण असलेल्यांच्या तोंडी होती आणि ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.

वाचकाची नजर इथे रिकाम्या जागांकडे वळते, आणि त्याच्या अभिप्रायाचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे. जंगल आले, वाघ आला, पाखरे आली. पूर्व विदर्भातल्या धानाला मराठीत सर्वदूर वाचल्या गेलेल्या पुस्तकांत जागा फार थोडी मिळाली. इथल्याच झाडीबोलीच्या लेखकांनी ती उणीव भरण्याचा प्रयत्न केला आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, शब्दकोश केला, झाडीबोलीची साहित्य संमेलने खेड्यापाड्यांत भरवण्याची रीत पाडली. दंडार आणि खडी गंमत यांसारखे लोकनाट्याचे प्रकार त्यांच्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आले. पण झाडीबोलीतली पुस्तके जिल्ह्याबाहेर सहज मिळत नाहीत आणि बाहेरच्या नियतकालिकांत त्यांची चर्चा होत नाही. दोष लेखकांचा नाही. वितरण, पुरस्कार, परीक्षण ही सारी यंत्रणा नागपूरच्या पश्चिमेला गोळा झालेली आहे.

धानाच्या मजुरांची थोर कादंबरी वाचायची तर तुमसरच्या वाचकाला केरळात जावे लागते. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘रण्टिटङ्ङळी’ १९४८ची; हिंदीत ती ‘दो सेर धान’ या नावाने आली. कुट्टनाडातली शेते समुद्रसपाटीच्याही खाली, पाणी उपसून पिकवायची. त्यात राबणारी दलित माणसे, त्यांना मजुरीत मिळणारे माप आणि मालकाच्या कोठारात जाणारी रास यांच्यातला तो झगडा आहे. भाषा वेगळी, शेत वेगळे, तरी चिखलात वाकून रोवणी करणारी पाठ तीच आहे आणि माप भरताना हात कसा आखडतो तेही तेच आहे. हे वाचून झाल्यावर आपल्या बांधीतल्या बायांवर, पुंजण्यापाशी रात्र काढणाऱ्या राखणदारावर, राइस मिलच्या धुळीत पोती उचलणाऱ्या हमालावर असे कुणी का लिहिले नाही, हे वाटल्यावाचून राहत नाही.

दादाजी खोब्रागडे यांचे आयुष्य तर अजून कादंबरीची वाट पाहते आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यातला हा अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्याने निवडून जपल्या, वर्षानुवर्षे लावून पाहिल्या आणि त्यातून धानाचे नवे वाण निघाले. मनगटी घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले. हे वाण दूरदूरच्या राज्यांत गेले, बाजारपेठांत त्याचे पैसे झाले; त्याचा निर्माता मात्र अखेरपर्यंत हलाखीत राहिला आणि जून २०१८मध्ये गेला. तुमसरच्या बाजारात धानाचा भाव विचारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे नाव असते. त्या नावामागचा माणूस शाळेच्या पुस्तकात, कादंबरीत, नाटकात असायला हवा होता, असे इथल्या वाचकाला मनापासून वाटते आणि ते रास्त आहे.

खाणीचेही तेच. एमिल झोला यांनी उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणींवर ‘जर्मिनाल’ लिहिली ती १८८५मध्ये. बंगालीत शैलजानंद मुखोपाध्याय यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘कयलाकुठी’तून राणीगंज-झरियाचे खाणकामगार कथेत आणले. मध्य प्रांतातल्या मँगनीजचे उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कंपनीने सुरू केले, १९६२मध्ये ‘मॉयल’ स्थापन झाली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा हा उद्योग आहे. चार पिढ्यांची माणसे त्यात खपली. छत्तीसगडी, गोंडी, हिंदी, झाडी अशा कितीतरी बोली खाणीच्या वसाहतींत एकत्र नांदल्या. त्या काळ्या दगडावर चाललेली टॉर्च आणि रेडिओ मराठी साहित्यात शेकडो वेळा आले; दगड आला नाही.

म्हणून तुमसरच्या वाचकाने केवळ आवडले-नावडले एवढ्यावर थांबू नये. पुस्तक परत करताना वाचनालयाच्या टेबलावर एक जाड वही असावी आणि तीत चार ओळी तरी लिहाव्यात: हे पुस्तक आपल्या गावात कुठे खरे ठरले, कुठे ठरले नाही, आणि वाचताना आपल्या मनात आलेली कोणती गोष्ट त्यात नव्हती. मुनिमाला भावाचा चढउतार आणि उधारीची वही कुठल्याच कादंबरीत खरी वाटत नसेल, तर त्याने तसे लिहावे. खाणीत उतरलेल्या माणसाने झोला वाचून, जिन्यावरून खाली जातानाची पहिली भीती त्यात बरोबर आली की नाही, हे सांगावे. शिक्षिकेने बनगरवाडीच्या मास्तराची हजेरीवही आणि आपल्या वर्गाची रोवणीच्या महिन्यातली हजेरीवही शेजारी ठेवावी. गोसेखुर्दहून आलेल्या सुनेने ‘रिंगाण’ वाचून, मागे राहिलेल्या गायीचे नाव लिहावे. अशा वह्या भरल्या तर पुढे इथल्याच एखाद्या मुलाला वा मुलीला धानाची, खाणीची, बुडालेल्या गावाची कादंबरी लिहायला घेताना पहिला कच्चा माल तिथे मिळेल, आणि ती कादंबरी छापून आल्यावर तिची पहिली परीक्षाही त्याच टेबलावर होईल.